जुन्या तबकड्या आणि हरवलेले आवाज

देवळाली कॅम्प : मुदत संपलेले ब्रिटिश सैनिक मायदेशी जाणाऱ्या बोटीची वाट पाहत जिथे महिनोन्‌महिने मुक्काम करीत, ती ही छावणी. या रिकामपणाने माणसाला वेड लागते, अशी सैनिकांत समजूत होती आणि त्यातूनच ‘डुलाली’ हा शब्द वेडसर माणसासाठी इंग्रजीत रूढ झाला. अशा मुक्कामात चावीचा ग्रामोफोन ही चैनीपेक्षा सोबतीची वस्तू. १९४७ नंतर गोरी पलटण गेली. लॅम रोडच्या आजूबाजूचे बंगले आणि आरोग्यधामे मागे राहिली. अशी जुनी घरे विकली जातात तेव्हा माळा रिकामा होतो. पितळी भांडी, शिसवी कपाटे यांना गिऱ्हाईक लगेच मिळते. काळ्या तबकड्यांची चळत मात्र जड, ठिसूळ आणि भंगारवाल्याच्या लेखी बिनकामाची. ती बहुधा कचऱ्यातच जाते. देवळालीतच काय, मुंबई-पुण्याच्या जुन्या वाड्यांतही हेच घडते. या चळतीत कधी कधी असा आवाज असतो, ज्याची दुसरी प्रत कुठेही उरलेली नसते.

गुरूचा आवाज नाही, शिष्येचा अंतराळात

जयपूर घराण्याचे प्रवर्तक उस्ताद अल्लादियाखाँ (१८५५-१९४६) यांच्या हयातीत ग्रामोफोन घरोघर पोहोचला होता; पण त्यांनी आपले गाणे मुद्रित होऊ दिले नाही. बालगंधर्वांचे गुरू भास्करबुवा बखले १९२२ साली निवर्तले; त्यांचीही ध्वनिमुद्रिका आज उपलब्ध नाही. महाराष्ट्राचे संगीत ज्यांनी घडवले, त्या दोघांचे गाणे शिष्यांच्या गळ्यातून आणि आठवणींतूनच कळते. उलट अल्लादियाखाँच्या शिष्या केसरबाई केरकर यांची ‘जात कहाँ हो’ ही भैरवी १९७७ मध्ये ‘व्हॉयेजर’ यानांवरील सुवर्ण तबकडीत बसवून अंतराळात धाडण्यात आली. त्या निवडीच्या वेळी या मुद्रिकेची प्रत मिळता मिळेना. अखेर न्यूयॉर्कमधील एका भारतीय उपखंडातील कुटुंबाच्या विद्युत उपकरणांच्या दुकानात, टेबलाखालच्या खोक्यात तिच्या काही प्रती सापडल्या. दुकानदाराने ते खोके आधीच फेकून दिले असते तर?

तीन मिनिटांची मैफल

भारतातील पहिली मोठी ध्वनिमुद्रण मोहीम ग्रामोफोन कंपनीचे फ्रेड गैसबर्ग यांनी नोव्हेंबर १९०२ मध्ये कोलकात्यात केली. गौहरजान तिच्या पहिल्या मानकऱ्यांपैकी एक. मेणाच्या जाड थाळीवर कर्ण्यातून मुद्रण होई आणि तबकड्या जर्मनीतील हॅनोवरहून छापून येत. तिथल्या कारागिरांना गायिका ओळखता यावी म्हणून गाण्याच्या शेवटी ती आपले नाव उच्चारत असे. १९०८ मध्ये कोलकात्यातील सियालदह येथे कारखाना निघाला आणि पुढे दमदम हे या उद्योगाचे केंद्र बनले. १९२५ पासून मायक्रोफोनवर आधारित विद्युत मुद्रणाचे तंत्र आले आणि आवाजाला गोलाई लाभली.

मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या या तबकडीचा मुख्य घटक लाख. त्यात खनिजाची पूड आणि काजळी मिसळलेली असे. दहा इंची तबकडीच्या एका बाजूला सुमारे तीन मिनिटांचे गाणे मावे. तासाभराचा ख्याल तेवढ्यात बसवावा लागे.

या मर्यादेची किंमत काय, हे नाशिककरांना जवळच्या उदाहरणावरून समजेल. पंडित द. वि. पलुस्कर यांचा जन्म १९२१ साली नाशिकचा. त्यांची पहिली ध्वनिमुद्रिका १९४४ मध्ये निघाली आणि १९५५ मध्ये अवघ्या ३४ व्या वर्षी ते गेले. लाँग प्ले तबकड्या भारतात रुळण्यापूर्वीच हा गळा थांबला. त्यामुळे त्यांच्या विस्ताराने गायलेल्या रागांसाठी रसिकांना आकाशवाणीच्या संग्रहाकडे आणि खासगी मैफलींच्या मुद्रणांकडे वळावे लागते. कुणीतरी जपून ठेवलेल्या फितींमुळेच ते शक्य होते.

अप्रकाशित मुद्रण टिकते कसे?

दुर्मीळ तबकडी आणि अप्रकाशित मुद्रण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुर्मीळ तबकडी एकेकाळी दुकानात विकली गेलेली असते. अप्रकाशित मुद्रण बाजारात आलेलेच नसते. मेणाच्या काळात एखादे गाणे नापसंत ठरले की ती थाळी तासून पुन्हा वापरत. गाणे तिथेच पुसले जाई. एखाद्या मुद्रणाची चाचणी प्रत छापली गेली, तर ती कलावंताकडे किंवा कंपनीतील माणसाकडे उरण्याची शक्यता असे. अशी प्रत बहुधा एकाच बाजूने छापलेली असते आणि तिच्यावर कोरे किंवा हाताने लिहिलेले लेबल असते. पुढे घरगुती टेपरेकॉर्डर आले आणि मैफलींची स्पूल तयार झाली. अप्रकाशित गाण्यांचा मोठा साठा आज याच स्पूलांत, संगीतप्रेमींच्या वारसांकडे आहे.

पाश्चात्त्य देशांत अशा शोधाचे मोल पैशातही मोजले जाते. इंग्लंडच्या उत्तर भागात अमेरिकी ‘सोल’ संगीताच्या जुन्या, अपयशी ठरलेल्या तबकड्यांवर नाचणारा रसिकवर्ग १९७० च्या दशकात उदयास आला. मोटाऊन कंपनीने १९६५ मध्ये फ्रँक विल्सन या गायकाची एक तबकडी छापली. पण ती विक्रीस न येता जवळपास सर्व प्रती नष्ट झाल्या. उरलेल्या मोजक्या प्रतींपैकी एक २००९ मध्ये २५ हजार पौंडांहून अधिक किमतीस विकली गेली. मराठी तबकड्यांचे मोल मात्र वेगळ्या हिशेबाने मोजावे लागते. इथे एखादी प्रत हरवते, तेव्हा कधी कधी एखाद्या गायिकेच्या हयातीचा एकमेव पुरावाच हरवतो.

संग्राहकांचे काम

हा पुरावा जपण्याच्या हेतूने १९९० मध्ये मुंबईत ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’ ही संस्था स्थापन झाली. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत शास्त्रज्ञ असलेले सुरेश चांदवणकर यांनी संस्थेची धुरा दीर्घकाळ वाहिली. तिच्या ‘द रेकॉर्ड न्यूज’ या नियतकालिकातून कलावंतांच्या मुद्रिकांच्या सूची प्रसिद्ध झाल्या. ऑस्ट्रेलियाचे संशोधक मायकेल किनियर यांचा १८९९ ते १९०८ या काळातील भारतीय मुद्रणांची नोंद देणारा ग्रंथ १९९४ मध्ये मुंबईच्या पॉप्युलर प्रकाशनाने काढला. सूचीमुळेच कोणती तबकडी निघाली होती आणि कोणती अद्याप सापडलेली नाही, हे ठरवता येते.

‘यंग इंडिया’ या स्वदेशी छापाचे उदाहरण बोलके आहे. वडाळ्याच्या नॅशनल ग्रामोफोन रेकॉर्ड मॅन्युफॅक्चरिंग कंपनीने १९३५ ते १९५५ या काळात या नावाने तबकड्या काढल्या आणि अनेक हौशी व नवोदित कलावंतांना संधी दिली. कंपनी बंद पडल्यावर नव्या प्रती निघण्याचा मार्गच खुंटला. जे उरले ते संग्राहकांच्या कपाटांत. ब्रिटिश लायब्ररीच्या संकटग्रस्त दप्तरांसाठीच्या योजनेतून मिळालेल्या साहाय्याने या तबकड्यांचे डिजिटल रूपांतर करण्यात आले. ‘ओडियन’ छापाच्या तबकड्यांसाठीही पुढे तसाच प्रकल्प झाला.

घरात तबकड्या सापडल्या तर

• आधी नोंद करावी. लेबलवरील कलावंताचे नाव, गाणे आणि सूची क्रमांक लिहून घ्यावा. लेबल आणि शेवटची चर यांमधील गुळगुळीत पट्ट्यावर कोरलेला मॅट्रिक्स क्रमांकही टिपावा. मुद्रण नेमके कोणते, हे त्याच क्रमांकावरून ठरते. लेबलचे छायाचित्र काढावे.

• तबकडी कोणाची होती, घरात कुठून आली, हे वडीलधाऱ्यांना विचारून लिहून ठेवावे. ही माहिती लेबलवर नसते आणि एका पिढीनंतर मिळत नाही.

• लाखेच्या तबकडीला स्पिरिट लावू नये. त्यात लाख विरघळते. मऊ ब्रशने धूळ झाडावी. तबकड्या आडव्या न रचता उभ्या, सरळ ठेवाव्यात. तडा गेलेली किंवा तुटलेली तबकडीही फेकू नये. तुकडे जुळवून आवाज मिळवता येतो.

• जुन्या ग्रामोफोनची पोलादी सुई दर वाजवणीत चर झिजवते. डिजिटल प्रत करताना हलक्या वजनाचा टोन-आर्म आणि ७८ साठीची, म्हणजे एलपीच्या सुईच्या सुमारे तिप्पट रुंद टोकाची सुई वापरावी. मूळ आवाज कोणतीही सफाई न करता एकदा तसाच साठवावा. खरखर काढायची ती दुसऱ्या प्रतीत.

• बुरशी आलेले स्पूल घरच्या यंत्रावर लावून पाहू नये. पहिलीच वाजवणी शेवटची ठरू शकते.

कायद्याची बाजू

भारतीय कायद्यानुसार ध्वनिमुद्रणाचा स्वामित्वहक्क ते प्रकाशित झालेल्या वर्षाच्या पुढील वर्षारंभापासून ६० वर्षे टिकतो. त्यामुळे जुन्या तबकड्यांपैकी बऱ्याच आता या हक्कातून मुक्त आहेत. गीत आणि संगीतरचना यांचे हक्क मात्र स्वतंत्र असतात. अप्रकाशित मुद्रणाची गोष्ट आणखी निराळी. ते प्रकाशितच झालेले नसल्याने ही ६० वर्षे सुरूच झालेली नसतात. स्पूल आपल्या कपाटात आहे म्हणून त्यातील गाणे प्रसिद्ध करण्याचा अधिकार आपल्याला मिळत नाही. कलावंताच्या वारसांची संमती घेणे उचित ठरते. जतनासाठी प्रत करून ती अभिलेखागाराकडे सोपवण्याचा मार्ग त्याआधीही खुला असतो. १९८२ मध्ये पुण्यात सुरू झालेले आणि आता गुरुग्राममध्ये असलेले ‘आर्काइव्ज अँड रिसर्च सेंटर फॉर एथ्नोम्युझिकॉलॉजी’ हे अशी खासगी मुद्रणे सांभाळणारे एक केंद्र आहे.

अल्लादियाखाँचा आवाज आता कोणत्याही माळ्यावर सापडण्याची आशा नाही. तो मुद्रितच झाला नव्हता. पण जो आवाज मुद्रित झाला आहे, तो केवळ आवराआवरीच्या घाईत जावा, हे नुकसान टाळता येण्यासारखे आहे. बंगल्याचा व्यवहार ठरला, ट्रक दारात उभा राहिला, की त्या काळ्या चळतीवरील नावे एकदा वाचायला फार तर तासभर लागतो.