गोल बुडाची लाल बादली

१४ एप्रिल म्हटले की आपल्याला बाबासाहेबांची जयंती आठवते. त्याच तारखेपासून देशभर अग्निशमन सेवा सप्ताहही पाळतात. आपला हिंगोली जिल्हा कापसाचा आणि हळदीचा. त्या सप्ताहामागची कथाही कापसाचीच आहे.

साल १९४४. ‘फोर्ट स्टिकिन’ हे जहाज मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत उभे होते. त्यात सुमारे १४०० टन दारूगोळा होता आणि कराचीहून भरलेल्या कापसाच्या गाठी. एकाच कप्प्यात खाली कापूस, वर स्फोटके! दुपारी दोनच्या सुमारास धूर दिसला. बंब आले, ९०० टनांहून अधिक पाणी ओतले गेले. पण कापसाची आग गाठीच्या आत धुमसत राहते. धुरात तिचे मूळच सापडेना. चार वाजून गेल्यावर पहिला स्फोट झाला, अर्ध्या तासाने दुसरा. शेकडो माणसे गेली. त्यांत अग्निशमन दलाचे ६६ जण होते. आगीशी झुंजतच ते गेले.

हाती धरायचे अग्निशामक त्याआधी सव्वाशे वर्षे, १८१८च्या सुमारास, जॉर्ज मॅन्बी या इंग्रजाने बनवले होते. आपल्याकडे मात्र बरीच वर्षे रेल्वे स्थानकावर टांगलेली लाल बादलीच ओळखीची. तिचे बूड गोल का? जमिनीवर नीट टेकू नये, म्हणजे कुणी धुण्याभांड्याला नेणार नाही. ही युक्ती ज्याला सुचली, त्याने माणूस ओळखला होता.

आता भिंतीवर लाल सिलिंडर आले. कापूस, लाकूड, कागद यांना पाणी हवे; भुकटीने ज्वाळा बसते, पण आतली धग पुन्हा पेट घेते. विजेच्या बोर्डावर पाणी नको, तिथे कार्बन डायऑक्साइड किंवा कोरडी भुकटी. पेटत्या तेलावर तर पाणी कधीच नाही. पाठ दाराकडे ठेवावी, पिन ओढावी, फवारा ज्वाळेच्या बुडाशी मारावा. लहान सिलिंडर काही सेकंदांत संपतो. आग आवरेना तर बाहेर पडून १०१ लावावा. दाबाचा काटा हिरव्या पट्ट्यात आहे ना, हे महिन्यातून एकदा पाहावे. कार्बन डायऑक्साइडच्या सिलिंडरला बहुधा काटा नसतो, तो वजन करूनच कळतो.

मागे एका सभागृहात कविसंमेलनाला गेलो होतो. सिलिंडरला पाहुण्यांचे हार अडकवलेले. सारून पाहिले तर काटा लाल पट्ट्यात, पिनेला गंज. संयोजक पोराला दाखवले. तो म्हणाला, “चाचा, आधी तुमची कविता होऊ द्या.”

कविता झाली. निघताना पाहिले, हार तसेच होते.