शस्त्राचा परवाना म्हणजे शिकारीचा परवाना नव्हे

नवी मुंबई : स्वसंरक्षणासाठी रीतसर परवाना घेऊन बाळगलेले .३२ बोअरचे रिव्हॉल्व्हर पनवेल परिसरातील फार्म हाऊसवर नेले आणि रानात दिसलेल्या भेकरावर झाडले, तर ती शिकार वैध ठरेल काय? उत्तर स्पष्ट नकारार्थी आहे. कायद्याने तो गुन्हा आहेच; शिवाय हरणासाठी हे शस्त्र सर्वस्वी अयोग्यही आहे.

कायदा काय सांगतो?

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मध्ये १९९१ साली झालेल्या दुरुस्तीने हौसेखातर होणाऱ्या शिकारीचे परवाने संपुष्टात आले. भेकर, सांबर, चितळ यांसह काळवीट व चिंकारा या कुरंगांनाही संरक्षण आहे. ‘शिकार’ या संज्ञेत ठार मारण्याबरोबरच जखमी करणे, सापळा लावणे आणि तसा प्रयत्न करणेही मोडते. त्यामुळे नेम चुकला तरी गुन्हा घडतोच. शस्त्र कोणत्या बोअरचे, याने फरक पडत नाही.

१ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या दुरुस्तीनुसार सर्वसाधारण गुन्ह्यास तीन वर्षांपर्यंत कारावास किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही होऊ शकतात. प्राणी पहिल्या अनुसूचीतील असल्यास किंवा शिकार अभयारण्यात झाल्यास किमान तीन व कमाल सात वर्षे कारावास आणि किमान २५ हजार रुपये दंड आहे. जिवावर बेतलेल्या प्रसंगी सद्हेतूने केलेला स्वबचाव आणि मुख्य वन्यजीव रक्षकांचा लेखी आदेश, एवढेच अपवाद संभवतात.

दहा किलोमीटरची अट

अभयारण्यापासून दहा किलोमीटरच्या आत नवा शस्त्रपरवाना देण्यापूर्वी मुख्य वन्यजीव रक्षकांची सहमती घ्यावी, असे याच अधिनियमाचे कलम ३४ सांगते. अभयारण्य घोषित झाल्यापासून तीन महिन्यांत तेथील जुन्या परवानाधारकांनी नोंदणीसाठी अर्ज करणेही बंधनकारक आहे. पनवेलनजीकचे कर्नाळा पक्षी अभयारण्य १९६८ चे. ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ मध्ये घोषित झाले. खाडीलगतचे ऐरोली व वाशी हे नोड या परिघात येतात. लेखी परवानगीविना शस्त्रासह अभयारण्यात प्रवेश करण्यासही मनाई आहे.

शस्त्र अपुरे का?

.३२ बोअरच्या रिव्हॉल्व्हरमधून सुटणाऱ्या गोळीची ऊर्जा साधारणतः १५० ते १८० ज्यूल असते. शिकार वैध असलेल्या इंग्लंड व वेल्समध्ये हरणासाठी .२४० इंचांहून कमी कॅलिबरची किंवा सुमारे २,३०० ज्यूलहून कमी ऊर्जेची रायफल वापरता येत नाही. आपल्या भेकराच्या तेथील लहानखुऱ्या भाईबंदासाठी ही मर्यादा शिथिल आहे. तरीही किमान सुमारे १,३५० ज्यूल लागतात. म्हणजे रिव्हॉल्व्हरची ताकद त्याच्या आठव्या-नवव्या हिश्शाइतकीच. .२२ बोअरच्या पिस्तुलाची त्याहूनही कमी. आखूड नळीमुळे लांबचा नेम साधत नाही. अशी गोळी लागलेले जनावर जागीच कोसळण्याऐवजी झाडीत पळते आणि तडफडत प्राण सोडते. स्वसंरक्षणाचे हत्यार म्हणूनच शिकारीचे हत्यार होत नाही.

दोन कायदे, दोन खटले

जोधपूरजवळील १९९८ च्या काळवीट प्रकरणात अभिनेता सलमान खानवर .२२ बोअरची रायफल व .३२ बोअरचे रिव्हॉल्व्हर मुदत संपलेल्या परवान्यावर बाळगल्याचा व वापरल्याचा आरोप होता. शस्त्र कायद्याखालील खटल्यात जानेवारी २०१७ मध्ये त्याची निर्दोष सुटका झाली. मात्र वन्यजीव कायद्याखाली ५ एप्रिल २०१८ रोजी न्यायालयाने त्याला पाच वर्षांची शिक्षा सुनावली. त्याविरुद्ध त्याने अपील केले असून दोन दिवसांतच त्याला जामीनही मिळाला. शस्त्राच्या खटल्यातून सुटलेला आरोपी शिकारीच्या खटल्यातूनही सुटतोच असे नाही, हा यातला बोध.

फार्म हाऊसच्या आवारात हरीण शिरले किंवा जखमी अवस्थेत आढळले, तर शस्त्राला हात न लावता वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे. प्राण्याच्या आणि परवानाधारकाच्याही हिताचा मार्ग तोच.