भाग १४ : वतन म्हणजे नक्की काय?

हेडफोन लावलेत ना? आजचा भाग एका शब्दाचा आहे. शब्द तुम्हाला माहीत आहे, शाळेत असल्यापासून कानावर पडलाय. वतन.

गेल्या पंधरा ऑगस्टला आमच्या ऑफिसात झेंडावंदन होतं. स्पीकरवर ते गाणं लागलं होतं, सी. रामचंद्रांनी चाल लावलेलं आणि लताबाईंनी २७ जानेवारी १९६३ ला दिल्लीत नेहरूंसमोर गायलेलं. त्यात हा शब्द आहेच. नेमका तेव्हाच बाबांचा व्हॉट्सॲप मेसेज आला. गावाकडच्या आमच्या सव्वा एकराच्या सातबाऱ्याचा फोटो, आणि खाली 'हे जरा मोठं करून वाच' असं. मी झूम केलं. इतर हक्कांच्या रकान्यात लिहिलं होतं : महार वतन.

शेजारी लखनौचा मित्र उभा होता. त्याला देवनागरी वाचता येते, पण सातबारा कळत नाही. तो म्हणाला, "अरे, तुमच्या शेताच्या कागदावर 'देश' का लिहिलाय?"

मला उत्तर देता येईना. त्याच्यासाठी वतन म्हणजे मायभूमी, माझ्या आजोबांसाठी वतन म्हणजे राबणं. कोडिंगमध्ये एकाच नावाचे दोन व्हेरिएबल वेगवेगळ्या फंक्शनमध्ये असले की त्यांचा एकमेकांशी काही संबंध नसतो. हेही तसंच असेल असं मला वाटलं. शोधत गेलो तर संबंध निघाला.

मूळ शब्द अरबी. 'व-त-न' या धातूत एका जागी वस्ती करून राहण्याचा अर्थ आहे. वतन म्हणजे माणूस राहतो ती जागा. जुन्या अरबी कोशांत गुरं-मेंढरं बसतात त्या जागेलाही हाच शब्द आहे. यात देश नाही, झेंडा नाही. हा शब्द मग वेगवेगळ्या लोकांच्या हाती गेला आणि प्रत्येकानं तो आपल्या कामाला लावला.

पहिले, इस्लामी धर्मशास्त्राचे पंडित. प्रवासात असाल तर चार रकातींची नमाज दोन रकातींवर आणायची मुभा आहे. मग प्रश्न येतो की प्रवास संपला कधी? हनफी पंडितांचं उत्तर असं की माणूस आपल्या वतनात पोचला की संपला. मग जन्माचं, कायमच्या घराचं वतन वेगळं आणि पंधरा दिवस किंवा जास्त मुक्काम ठोकायचा तिथलं वतन वेगळं, असे प्रकारही त्यांनी पाडले.

दुसरे, मुघलांचे कारभारी. मुघल काळात जहागीरदाराची जहागीर तीन-चार वर्षांनी बदलायची, आजच्या सरकारी बदल्यांसारखी. पण रजपूत राजांचा पिढीजात मुलूख त्यांच्याकडेच ठेवायचे. त्याला म्हणायचे वतन जहागीर. म्हणजे बदली नसलेली जहागीर.

आणि तिसरे आपण, दख्खनचे लोक. इथे शब्दानं जे रूप घेतलं ते दुसरीकडे फारसं सापडत नाही. बहमनी, निजामशाही, आदिलशाही, मग मराठेशाही, या सगळ्या काळात वतन म्हणजे वंशपरंपरेनं चालणारं काम आणि त्या कामाबरोबर येणारे हक्क. जमीन, धान्याचा वाटा, मानपान, सगळं त्यात आलं. गावात पाटील आणि कुलकर्णी, परगण्यात देशमुख आणि देशपांडे. तुमच्या फोनची कॉन्टॅक्ट लिस्ट उघडून बघा, अर्धी वतनदारी तिथे सेव्ह केलेली सापडेल.

हे वतन विकता यायचं, गहाण टाकता यायचं, भावाभावांत वाटता यायचं. अर्धी पाटीलकी विकल्याचे कागद सापडतात. अर्धी विकली की पुढचा प्रश्न यायचाच : होळीला पहिली पोळी कोणाची? पोळ्याला कोणाचा बैल पुढे? आज आपल्याला हसू येईल, पण यावरून पिढ्यान्‌पिढ्या तंटे चालले. गोतसभा बसायची, साक्षी व्हायच्या आणि निवाड्याचा महजर लिहिला जायचा.

राज्यकर्त्यांना हे वतनदार डोईजड वाटत. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात वतनदारांवर वेगळं प्रकरण आहे. त्याचा आशय असा की हे लोक म्हणजे राज्याचे छोटे छोटे वाटेकरीच, यांना फार मोकळं सोडू नये आणि मोडूनही टाकू नये. मोडणं परवडणारंच नव्हतं. राजाराम महाराजांच्या काळात मुघलांकडे गेलेल्या सरदारांना परत वळवायला वतनाचंच आश्वासन द्यावं लागलं.

आता आमच्या सातबाऱ्याकडे येऊ. कारण वतन फक्त पाटलाचं नव्हतं. महारांचंही होतं.

गावाची शीव दाखवायची, शिवेच्या तंट्यात साक्ष द्यायची, सरकारी खजिन्याबरोबर जायचं, निरोप पोचवायचे, गावावर पहारा ठेवायचा, मेलेलं जनावर ओढायचं. बदल्यात थोडी जमीन आणि बलुतं. बिदरच्या बादशहानं महारांना ५२ हक्क दिले, अशी परंपरा सांगतात. म्हणजे कागदावर पाटील वतनदार आणि महारही वतनदार. शब्द एकच. पण पाटलाच्या वतनात होळीची पहिली पोळी होती आणि महाराच्या वतनात रात्री-अपरात्री येणारी हाक होती.

इथे थोडं थांबू आणि एका वर्षाकडे बघू. १८७४.

त्याच्या आदल्या वर्षी, १८७३ मध्ये, इस्तंबूलमध्ये नामिक केमालचं 'वतन याहुत सिलिस्त्रे' हे नाटक रंगमंचावर आलं. प्रेक्षक इतके पेटले की सरकार घाबरलं आणि लेखकाची रवानगी सायप्रसला झाली. तुर्की भाषेत वतन तोवर 'ज्याच्यासाठी मरावं तो देश' झाला होता. १८७४ मध्ये लाहोरच्या मुशायऱ्यात हालींनी 'हुब्ब-ए-वतन' ही कविता वाचली. नुसती घराची ओढ पुरेशी नाही, हमवतनांच्या उपयोगी पडा, असा तिचा भाव.

आणि त्याच १८७४ मध्ये मुंबई सरकारनं एक कायदा केला, मुंबई वंशपरंपरागत अधिकार कायदा. लोकांच्या तोंडी तो वतन कायदाच. त्यात वतनाची व्याख्या आली. वंशपरंपरागत कामाच्या मोबदल्यासाठी असलेली मालमत्ता म्हणजे वतनी मालमत्ता. सरकारच्या परवानगीशिवाय ती वतनदार घराण्याबाहेर जाऊ द्यायची नाही. लाहोरमध्ये शब्द मोकळा होत होता, आणि मुंबईत तोच शब्द कलमांत बांधला जात होता.

या कलमांशी पुढे झगडले डॉ. बाबासाहेब आंबेडकर. १९२८ मध्ये मुंबईच्या कायदेमंडळात त्यांनी याच कायद्याच्या दुरुस्तीचं विधेयक आणलं. त्यांचं म्हणणं साधं होतं. महाराला चोवीस तास कामाला बोलावता येतं. तो घरी नसेल तर त्याच्या बापाला किंवा घरातल्या दुसऱ्या कोणाला जावं लागतं. आणि मोबदला जवळपास नाहीच. ज्याला नको असेल त्याला पूर्ण शेतसारा भरून या सेवेतून सुटता यावं आणि जमीन त्याच्याकडेच राहावी. बलुत्याऐवजी रोख रक्कम ठरावी. पुष्कळ विरोध झाला आणि १९२९ मध्ये विधेयक मागे घ्यावं लागलं.

विरोध बाहेरूनच होता असं नाही. आमच्या लोकांतही काहींना वतन सुटण्याची भीती वाटत होती. हे मला आधी पटायचं नाही. मग आजोबांचं एक वाक्य आठवलं : "वतन वाईट होतं रे, पण पायाखाली माती तेवढीच होती." ते सोडायचं म्हणजे नेमकं काय सोडायचं, हा प्रश्न भुकेल्या घरात सोपा नसतो.

वतनं संपली ती तुकड्यातुकड्यानं. शाहू महाराजांनी कोल्हापुरात १९१८ मध्ये कुलकर्णी वतन बंद करून पगारी तलाठी नेमले. स्वातंत्र्यानंतर १९५० च्या कायद्यानं परगणा आणि कुलकर्णी वतनं गेली. महार वतनासाठी १९५८ चा कायदा आला. त्याचं नावच 'कनिष्ठ गाव वतने', बघा, जाता जातासुद्धा 'कनिष्ठ' राहिलंच. १ ऑगस्ट १९५९ पासून सेवा संपली. ठरलेली रक्कम भरली की जमीन परत आपल्या नावावर, पण अट घालून. विकायची तर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी आणि सरकारला नजराणा. सातबाऱ्यावर दिसणारं 'भोगवटादार वर्ग २' ते हेच. शेजारच्या बांधावरच्या माणसाला वर्ग १ मुळे जे सहज करता येतं, त्यासाठी आम्हाला अर्ज करावा लागतो. बाबांचा मेसेज त्या अर्जासाठीच होता.

लखनौच्या मित्राला मी हे सगळं चहावर सांगितलं. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "म्हणजे दोन्हीकडे अर्थ एकच आहे की. जिथून तुम्हाला हलता येत नाही ती जागा."

मला वाटतं, त्याचं अर्धं बरोबर आहे. गाण्यातल्या वतनापासून कोणाला हलायचं नसतं. आजोबांच्या वतनातून हलायची सोय नव्हती. शब्दकोशात हा फरक सापडणार नाही, तो त्या माणसाला विचारावा लागतो.

तर मंडळी, एक काम करा. घरी फोन लावा आणि जमिनीचा जुना कागद, फेरफार, वाटणीपत्र काहीही असेल तर फोटो मागवा. त्यात न कळणारा एक तरी शब्द सापडेल. तो आम्हाला पाठवा, पण गट नंबर आणि नावं झाकून. पुढचा एखादा भाग त्याच शब्दाचा करू. भेटू पुढच्या आठवड्यात.