मुंबई शेअर बाजारातील दलालांची दप्तरे : सौदावहीपासून नियामक विवरणापर्यंत (१८७५ ते २०२०)

प्रस्तावना

शेअर बाजाराचा इतिहास सामान्यतः तेजी-मंदीच्या अंगाने सांगितला जातो. दलालाच्या वह्या, ग्राहकास दिलेले सौद्याचे कागद आणि नियामक यंत्रणेस सादर केलेली विवरणे हा विषय त्यात दुय्यम ठरतो. वस्तुतः ग्राहकाचा पैसा आणि दलालाचा पैसा यांच्यातील सीमारेषा याच कागदांवर आखली जाते. जव्हार किंवा मोखाडा येथे नोकरी करणाऱ्या शिक्षकाने समभाग घेतले, तर त्याची व मुंबईतील दलालाची गाठ बहुधा पडतच नाही. आपल्या बचतीचे काय झाले हे त्याला कागदावरूनच कळते. नोंद ठेवण्याचे बंधन जुने आहे, परंतु त्या नोंदीची बाहेरून नियमित पडताळणी मात्र फार उशिरा सुरू झाली, असे प्रतिपादन प्रस्तुत लेखात केले आहे.

संघटनेचा काळ

अमेरिकन यादवी युद्धामुळे (१८६१–६५) कापसाचे भाव वाढले आणि मुंबईत सट्ट्याला ऊत आला. युद्ध संपताच भाव कोसळले. १ जुलै १८६५ या दिवशी पुरे करावयाचे वायद्याचे सौदे अनेकांना पाळता आले नाहीत. या अनुभवानंतर दहा वर्षांनी, १८७५ मध्ये, ‘नेटिव्ह शेअर अँड स्टॉक ब्रोकर्स असोसिएशन’ स्थापन झाली. सौदे तोंडी होत, वही पेढीत राही आणि तंटा संघटनेच्या पंचांपुढे सुटे. ही व्यवस्था परस्परांना ओळखणाऱ्या सभासदांपुरती उपयुक्त होती. संघटनेबाहेरील ग्राहकाला तिच्यात स्थान नव्हते.

पहिल्या महायुद्धानंतरच्या सट्टेबाजीमुळे ॲटले समिती नेमली गेली आणि १९२५ मध्ये ‘बॉम्बे सिक्युरिटीज काँट्रॅक्ट्स कंट्रोल ॲक्ट’ संमत झाला. तत्काळ ताबा देण्याचे सौदे वगळता इतर सौदे मान्यताप्राप्त बाजाराच्या नियमांनुसार झाले तरच ते वैध, असे तत्त्व या कायद्याने आणले. राज्यसत्तेने अशा रीतीने बाजाराच्या नियमांना मान्यता दिली, मात्र प्रत्यक्ष वह्या संघटनेच्याच कक्षेत राहिल्या.

१९५६ चा कायदा व १९५७ चे नियम

गोरवाला समितीच्या १९५१ मधील शिफारशींच्या पार्श्वभूमीवर ‘सिक्युरिटीज काँट्रॅक्ट्स (रेग्युलेशन) ॲक्ट, १९५६’ अस्तित्वात आला. त्याखालील १९५७ च्या नियमांनी सभासदाने ठेवावयाची दप्तरे प्रथमच देशभर एकसारखी ठरविली. त्यांत सौद्यांची नोंदवही, ग्राहकांची खतावणी, सर्वसाधारण खतावणी, रोजकीर्द, रोखवही, बँकेचे पासबुक आणि रोख्यांच्या आवक-जावकीची नोंदवही यांचा समावेश होता. मूळ इंग्रजी नियमातही पहिल्या वहीसाठी ‘सौदा बुक’ हाच बाजारातील शब्द योजिला आहे. पेढीची जुनी वही अशा रीतीने कायद्याच्या परिभाषेत दाखल झाली.

या नियमांतील मुदती मात्र बारकाईने पाहण्याजोग्या आहेत. वरील वह्या पाच वर्षे जपून ठेवावयाच्या होत्या, तर ग्राहकास दिलेल्या काँट्रॅक्ट नोटची स्थळप्रत केवळ दोन वर्षे. दलालाने स्वतःच्या खात्यातून ग्राहकाशी सौदा केल्यास घ्यावयाच्या लेखी संमतीलाही हीच दोन वर्षांची मुदत होती. म्हणजे ग्राहकाच्या हक्काशी ज्यांचा थेट संबंध, त्या कागदांचे आयुष्य सर्वांत कमी होते. शासनास दप्तर तपासण्याचा अधिकार होता, परंतु सभासदाचे लेखापरीक्षण केंद्र सरकारने मागणी केली तरच करावयाचे होते. वार्षिक अहवालाचे बंधन होते ते बाजारावर.

१९९२ : कागद होते, आधार नव्हता

एप्रिल १९९२ मध्ये उघडकीस आलेल्या रोखे घोटाळ्याने या व्यवस्थेतील उणीव स्पष्ट केली. सरकारी रोखे विकणारी बँक प्रत्यक्ष रोखे न देता ‘बँकर्स रिसीट’ देत असे. रिझर्व्ह बँकेने नेमलेल्या जानकीरामन समितीस अशा अनेक पावत्यांमागे रोखेच नसल्याचे आढळले. बँक ऑफ कराडच्या पावत्याही त्यांत होत्या. एका बँकेच्या नावे काढलेले धनादेश दलालाच्या खात्यात जमा झाल्याचेही दिसून आले. कागदांचा तुटवडा नव्हता. एक कागद दुसऱ्याशी ताडून पाहणारी यंत्रणा नव्हती.

त्याच वर्षी वैधानिक अधिकार मिळालेल्या सेबीने दलालांसाठी विनियम जारी केले. स्थळप्रतींसह सर्व दप्तरे किमान पाच वर्षे ठेवणे, ती कोठे ठेवली आहेत हे कळविणे आणि लेखापरीक्षित ताळेबंद सहा महिन्यांच्या आत सादर करणे बंधनकारक झाले. नोव्हेंबर १९९३ च्या परिपत्रकाने ग्राहकांचा पैसा स्वतंत्र बँक खात्यात ठेवणे आणि काँट्रॅक्ट नोटवर भाव व दलाली वेगवेगळी दाखविणे आवश्यक ठरले. दलालीची रक्कम भावात लपविण्याची वाट यामुळे अरुंद झाली.

संगणकोत्तर काळ

१९९४ मध्ये राष्ट्रीय शेअर बाजारात समभागांचे संगणकीय व्यवहार सुरू झाले, १९९५ मध्ये मुंबई शेअर बाजारही त्या मार्गाने गेला आणि १९९६ च्या डिपॉझिटरी कायद्याने कागदी प्रमाणपत्रांना पर्याय दिला. तरीही मूळ प्रश्न संपला नाही. कार्वी स्टॉक ब्रोकिंगविषयीच्या २२ नोव्हेंबर २०१९ च्या सेबीच्या अंतरिम आदेशात, ग्राहकांनी दिलेल्या मुखत्यारपत्राच्या आधारे त्यांच्या रोख्यांचा दुरुपयोग झाल्याचे प्रथमदर्शनी नमूद आहे. त्यानंतर २०२० मध्ये, मार्जिनसाठीचे रोखे दलालाच्या खात्यात न नेता ग्राहकाच्याच खात्यात तारण म्हणून नोंदविण्याची पद्धत आली.

निष्कर्ष

१. दप्तराच्या नियमांतील महत्त्वाचे बदल बहुधा एखाद्या पडझडीनंतर झाले. नियम अनर्थाच्या मागून चालत आले.

२. १९९२ पूर्वी नोंदी होत्या, परंतु त्या दलालाच्या ताब्यात होत्या. पुढील सुधारणांचे सार नोंदीची साक्ष दलालाबाहेर नेण्यात आहे.

३. दलालास जाचक वाटणारी ही कागदपत्रे ग्राहकाच्या दृष्टीने संरक्षण आहेत. मात्र आपल्या हाती आलेली काँट्रॅक्ट नोट ग्राहक वाचून ताडून पाहील, तेव्हाच ते पूर्ण होते. मुंबईपासून दूर असलेल्या गुंतवणूकदाराला ही सवय लावणे, हे महाविद्यालयीन वाणिज्य व इतिहास अध्यापनाचेही काम आहे.