समासात लिहायची सोय

४ मे २०१७. महाबळेश्वर तालुक्यातलं भिलार त्या दिवशी ‘पुस्तकांचं गाव’ झालं. कल्पना ब्रिटनमधल्या हे-ऑन-वाय गावावरून सुचलेली. राज्य मराठी विकास संस्थेनं २५ ठिकाणी, बहुतेक गावकऱ्यांच्या घरांतच, सुमारे १५ हजार पुस्तकं मांडली. कुठल्याही घरात जा, फुकट वाचा. पण पुस्तक सगळ्यांचं, म्हणून समासात पेन्सिल चालवायची नाही.

त्याच वर्षी नॉर्वेच्या ‘रिमार्केबल’नं १०.३ इंची ई-इंक टॅबलेट बाजारात आणला. त्यावर समासात लिहिता येत होतं. कल्पना जुनीच होती. फिलिप्समधून निघालेल्या ‘आयरेक्स’ या डच कंपनीनं २००६ मध्येच ‘इलियड’ काढला होता. ८.१ इंची पडदा, वॅकॉमचा पेन, किंमत साडेसहाशे युरोंच्या आसपास. २०१० मध्ये कंपनी दिवाळखोरीत गेली. मग सोनीनं २०१३ च्या अखेरीस १३.३ इंची, ए-फोर कागदाएवढा रीडर आणला. अमेरिकेत त्याची किंमत होती ११०० डॉलर. एवढे पैसे मोजणार कोण? वकिली फर्म, विद्यापीठं.

या सगळ्यात मराठी कुठे होती? किंडलच्या दुकानात मराठी पुस्तकं आली डिसेंबर २०१६ मध्ये. छापील अक्षर दाखवायला फॉन्ट लागतो, जोडाक्षरं नीट जुळवणारा कोड लागतो. पेनाचं तसं नाही. टोक कुठे टेकलं आणि कुठून कुठे गेलं, एवढंच तो नोंदवतो. म्हणजे २००६ च्या इलियडवरही ‘ळ’ लिहिता येत होता. मोडीसुद्धा!

मोठ्या पडद्याची गरजही आपल्याला जास्त. जुनी मराठी पुस्तकं नेटवर मिळतात ती बहुतांशी स्कॅन केलेल्या पीडीएफमध्ये. पान म्हणजे फोटो. अक्षर मोठं केलं की ओळ पडद्याबाहेर जाते आणि सहा इंची रीडरवर प्रत्येक ओळ डावी-उजवीकडे सरकवत वाचावी लागते.

पण साठते ती रेघ, शब्द नव्हे. हस्ताक्षर ओळखून त्यात शोधायचं म्हटलं, की पुन्हा भाषेचा प्रश्न येतो. म्हणून असा रीडर घेताना दुकानातच दोन गोष्टी करून बघा. एक स्कॅन केलेलं मराठी पुस्तक उघडा. समासात ‘कळलं नाही’ असं लिहा आणि तेच शब्द शोधून बघा. सापडले, तर तो रीडर मराठी वाचकासाठीही बनवलाय.