मुलं ‘बिघडू नयेत’ एवढंच पुरेसं आहे का? मंचरच्या उदाहरणातून समजून घ्या

पुणे-नाशिक महामार्गावरचं मंचर हे आंबेगाव तालुक्यातलं बाजारपेठेचं गाव. आसपासच्या वाड्या-वस्त्यांवरून मुलं-मुली एसटीने इथे शिकायला येतात. दहावीनंतर नवं कॉलेज, नवे मित्र, हातात मोबाईल. घरच्यांना एकच काळजी असते, पोरगं बिघडणार तर नाही ना?

पण अडचण आली तर ते कुणाच्या आधाराने उभं राहील, हा प्रश्न आपण क्वचितच विचारतो.

४० गोष्टींची यादी

अमेरिकेतल्या सर्च इन्स्टिट्यूट या संस्थेने १९९० मध्ये याच प्रश्नावर काम सुरू केलं. मुलांच्या निरोगी वाढीसाठी लागणाऱ्या ४० गोष्टी त्यांनी मांडल्या. त्यातल्या २० बाहेरून मिळतात, जसं घरचा आधार, सुरक्षितता, स्पष्ट नियम. बाकीच्या २० आतून घडतात, जसं शिकण्याची ओढ, प्रामाणिकपणा, दबाव आला तरी ‘नाही’ म्हणता येणं. यातल्या जितक्या जास्त गोष्टी मुलाकडे, तितकं व्यसन आणि हिंसेचं प्रमाण कमी, असं त्यांच्या पाहणीत दिसलं.

तीन माणसं कोण?

या यादीतली एक गोष्ट अगदी साधी आहे. आई-वडील सोडून किमान ३ मोठ्या माणसांचा आधार. मामा, आत्या, शाळेतल्या बाई, तालमीतले वस्ताद, होस्टेलवरची ताई, कुणीही चालेल. फी भरायला पैसे नाहीत किंवा कुणी त्रास देतंय, हे घरी सांगता येत नाही तेव्हा हीच माणसं उपयोगी पडतात. नाहीतर शिक्षण गुपचूप सुटतं.

जबाबदारी द्या

मुलांवर विश्वास टाकला की ती घडतात. १९६९ पासून चालणाऱ्या राष्ट्रीय सेवा योजनेत (एनएसएस) विद्यार्थी २ वर्षांत २४० तास समाजकाम करतात, ७ दिवसांच्या शिबिरात गावात राहतात. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी २००६ मध्ये गडचिरोलीत सुरू केलेला ‘निर्माण’ उपक्रमही तरुणांना समाजातल्या खऱ्या प्रश्नांवर काम करायला शिकवतो.

आज काय कराल?

घरातल्या मुलाला विचारा, “आमच्याशिवाय तू कुणाशी मोकळेपणाने बोलतोस?” ३ नावं आली नाहीत, तर त्यातलं एक नाव तुमच्या ओळखीतून जोडून द्या. मन फारच खचलं असेल, तर टेली-मानसचा १४४१६ हा मोफत नंबर २४ तास सुरू असतो.