सल्ल्याचा हक्क : जेऊर परिसर आणि जैवविविधता समिती

सोलापूर जिल्ह्याच्या करमाळा तालुक्यातील जेऊर हे मुंबई–सोलापूर लोहमार्गावरील गाव असून, 1980 मध्ये पूर्ण झालेल्या उजनी धरणाने याच तालुक्यातील भीमाकाठचे जीवन बदलले. गाळपेराच्या जमिनी आणि गावठाणे पाण्याखाली गेली, तर उथळ पाण्यावर रोहित पक्षी उतरू लागले. एवढ्या मोठ्या बदलात स्थानिकांचे मत विचारण्याची कायदेशीर चौकट त्या काळी नव्हती. ती उणीव 2002 च्या जैविक विविधता कायद्याने काही अंशी भरून काढली. त्याच्या कलम 41 नुसार प्रत्येक स्थानिक संस्थेने, म्हणजे ग्रामपंचायतीपासून महानगरपालिकेपर्यंत, जैवविविधता व्यवस्थापन समिती नेमावयाची असते. 2004 च्या नियमांनी या समितीवर लोक जैवविविधता नोंदवही, म्हणजे परिसरातील वनस्पती, प्राणी व त्यांविषयीचे पारंपरिक ज्ञान यांची लोकांना विचारून केलेली नोंद, तयार करण्याचे काम सोपविले. शिवाय स्थानिक जैविक संसाधनांच्या वापराविषयी निर्णय घेताना राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाने व राज्य जैवविविधता मंडळाने समितीशी विचारविनिमय करणे कायद्याने बंधनकारक ठरले. मासेमार, मेंढपाळ आणि शेतकरी यांचे ज्ञान या नोंदवहीत उतरले, तरच हा सल्ल्याचा हक्क कागदावरून शिवारापर्यंत पोहोचेल.